आईचे गुडघे

वसंताचा पहिला महिना, सतरावा दिवस

आज राजधानीहून स्वार आला. घोडा फेसाळलेला, स्वार त्याहून जास्त. निरोप असा, की उन्हाळा लागताच सम्राटांचे हासिताई नावाचे एक अधिकारी गृहस्थ आमच्या मुलुखात येणार. राजकन्येचा, म्हणजे माझ्या बायकोचा, मान इथे नीट राखला जातो की नाही, हे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहणार.

तक्रार गेली आहे. कुणी केली ते विचारायची गरज नाही. राजकन्येच्या महालाची कारभारीण गिओर्चाबाई दोन वर्षे माझ्याकडे अशी पाहते आहे, जणू मी महालात शिरलेले वासरू आहे.

तक्रार खरी आहे, हे या पानावर तरी लपवणार नाही. सम्राटांच्या घरचा कायदाच तसा आहे. राजकन्या ज्या घरात जाईल, त्या घरच्या सासूसासऱ्यांनी तिच्यापुढे गुडघे टेकून तिला नमस्कार करायचा. माझे वडील लग्नाआधीच गेले. उरली आई. तिने दोन वर्षांत गुडघे टेकलेले नाहीत. टेकावे लागू नयेत म्हणून तिने महालात पाऊलच टाकलेले नाही. राजकन्या महालाबाहेर पडलेली नाही. महाल आणि आईचा तळ हाकेच्या अंतरावर आहेत, आणि मधल्या गवतावर मी एकटा ये-जा करतो.

हासिताईंसमोर आईने गुडघे टेकले नाहीत, तर राजकन्या कायमची राजधानीला परत जाईल. मलाही तिच्याबरोबर जावे लागेल, तिथे घर मिळेल, रेशीम मिळेल, बसून खायला मिळेल. मुलूख माझ्या जागी दुसरा कुणी सांभाळेल. ज्या सरदाराच्या बुटांना स्वतःच्या कुरणाचे शेण लागत नाही, तो सरदार नव्हे, भिंतीवर टांगलेले चित्र आहे. मी चित्र होणार नाही. आईला वाकवणारही नाही.

मी बोलेन. लहानपणी राजधानीत पाच वर्षे चार भाषांतले ग्रंथ वाचले ते कशासाठी? हासिताईंपुढे असे बोलेन की कायदाच खाली मान घालेल.

एकोणिसावा दिवस

आईला सांगितले. ती चामड्याची पखाल शिवत होती. सगळे ऐकून घेतले आणि दोरा दातांनी तोडला.

"पाहुणीपुढे कुणी गुडघे टेकतं का रे?" ती म्हणाली.

लग्नाला दोन वर्षे झाली तरी ती माझ्या बायकोला पाहुणी म्हणते. मी तिला समजावले की ती पाहुणी नाही, सम्राटांची मुलगी आहे, तुझी सून आहे. आई म्हणाली, "सून कशी ते मला कळायला नको?" आणि पुन्हा सुई उचलली.

गोंबो काका बाहेर घोड्याचा खूर तासत बसला होता. हा माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. मुलुखाचा कारभार तोच बघतो आणि माझी टिंगलही तोच करतो. तो म्हणाला, लग्न राजधानीत झालं, त्या पोरीनं आपल्या चुलीला तूप कधी वाहिलं? चुलीनं तिला अजून ओळखलेलंच नाही. हे तो पूर्वीही म्हणाला होता. तेव्हाही मी नको म्हटले होते. जिच्या अंगावर आयुष्यात राख उडाली नाही, तिला गोवऱ्यांच्या धुरात गुडघ्यावर बसवायचे? मला लाज आहे. मी तिला कधी विचारलेलेही नाही. विचारणे हाच अपमान झाला असता.

चोविसावा दिवस

राजकन्येने बोलावणे पाठवले. म्हणजे गिओर्चाबाईने पाठवले. आत जायचे तर तिच्याच परवानगीने. मी दालनात उभा राहिलो, नियमाप्रमाणे वाकलो, आमच्याकडचा खारा नव्हे, महालातला बिनमिठाचा चहा प्यालो.

राजकन्येने विचारले, "तुमच्या आई कशा आहेत?"

दर भेटीत ती हेच विचारते. दरबारी रीत आहे. मी दर भेटीत म्हणतो, आपल्या कृपेने बऱ्या आहेत. आजही म्हणालो. मग तिने विचारले, यंदा किती मेंढ्या गाभण आहेत, आणि कोकरांना थंडीत कुठे ठेवतात. मला जांभई आवरावी लागली. बिचारीला बोलायला विषय तरी कुठला असणार?

खिडकीतून बाहेर पाहत ती म्हणाली, "इथून त्यांच्या घराचा धूर दिसतो. सकाळी सगळ्यांत आधी तोच निघतो."

मी तत्काळ म्हणालो, त्रास होत असेल तर तळ टेकडीपलीकडे हलवतो.

"नको," ती म्हणाली. इतक्या झटकन, की गिओर्चाबाईने मान वर केली. मग सावरून म्हणाली, "त्रास नाही."

तिचा थोरपणा पाहून मला वाईट वाटले. अशी बाई राजधानीला परत गेली तर मुलुखाचे नुकसान होईल. ती इथे आहे तोवर आमच्या कुरणावर कुणी नांगर घालणार नाही. हे मी राजकारण म्हणून लिहितो आहे. परत येताना मात्र मी घोड्यावर न बसता चालत आलो आणि तीन वेळा मागे वळून पाहिले. का, ते सांगता येत नाही.

वसंताचा मधला महिना, सहावा दिवस

सरदारांच्या सभेहून परत निघालो आहे. वाटेत एका धनगराच्या घरी वादळाने अडकलो. बाहेर धूळ आणि बर्फ एकत्र उडते आहे. शेळ्या आत, आम्हीही आत.

सभेत मी बोललो. असे क्वचितच बोललो असेन. म्हणालो, आपण सम्राटांना घोडे दिले, जवान दिले, युद्धात रक्त दिले, आणि आनंदाने दिले. पण आईचे गुडघे कुणाला द्यायचे नसतात. ते आपण आलो त्या वाटेचे दोन खांब आहेत. सभा उठून उभी राहिली. म्हातारे रडले. एकाने टोपी हवेत उडवली. मग मी म्हणालो, तर माझ्याबरोबर हासिताईंसमोर कोण उभा राहील? तेव्हा सगळ्यांना आपापल्या मेंढ्यांची आठवण झाली. कोकरे जन्माला यायचे दिवस आहेत, म्हणाले. शेजारच्या मुलुखाचा ओचिर जाता जाता म्हणाला, "घरजावईबुवा, आम्हाला नका ओढू यात. तुम्ही दोन चुलींचा चहा पिता, आम्ही एकीचाच."

घरजावई. मी, जो आजवर सासरच्या उंबऱ्यावर विनापरवाना पाय ठेवू शकलेला नाही.

आईची काळजी वाटते. तळावर माणसे कमी आहेत आणि असल्या वाऱ्यात मेंढ्या वाऱ्याच्या दिशेने चालत सुटतात.

नववा दिवस

पोहोचलो. कळप वाचला. काही कोकरे गेली, पण वाऱ्याच्या मानाने फार थोडी. मी आईला म्हटले, एकटीने कसे निभावलेस?

"एकटीनं कुठं? एक पोरगी होती मदतीला."

"कोण?"

"चेचिके म्हणून. तुला नाही माहीत."

काका अंगावर घोंगडी घेऊन कोपऱ्यात पडला होता. तो घोंगडीतून म्हणाला, पोरीला मेंढ्यांना शिव्या घालता येत नाहीत, एवढीच खोट आहे. बाकी वादळात भिंतीआडून पळत आली आणि कोकरू कोटात घालून पुन्हा उलटी धावली, तेव्हा मला वाटलं आता ही हरवली. तर पुन्हा आली, दुसरं घ्यायला.

आईने तिला वडिलांच्या जुन्या कोटाचे अस्तर काढून हातमोजे करून दिले आहेत. आई कुणाला असे काही देत नाही. मी म्हटले, तिला बोलव, बक्षीस देतो. आई म्हणाली, लाजते ती.

अठरावा दिवस

गिओर्चाबाईला वादळानंतर जो खोकला लागला आहे, तो अजून उतरलेला नाही. दिवसभर पडून असते. महालात आत जाणे त्यामुळे सोपे झाले आहे. पण जावे तेव्हा दासी सांगते, राजकन्या विश्रांती घेत आहेत. आज भेट झाली. गाल उन्हाने रापलेले, हाताच्या बोटांना भेगा. मी चमकलो. ती म्हणाली, "वारा."

इथला वारा भिंतीतूनही शिरतो आणि राजधानीची नाजूक कातडी फाडतो, हे मला आधी कळायला हवे होते. मेंढीच्या शेपटीच्या चरबीचे मलम पाठवून दिले. तिने चहा स्वतः ओतला. चहात मीठ होते. माझ्यासाठी तिने रीत मोडली, याने गहिवरून आले. आमच्या भाषेतही आता ती बरेच बोलते, धनगरी शब्दसुद्धा. माझे बोलणे ऐकून ऐकून माणूस किती शिकतो!

तिला मी माझ्या भाषणाचा पहिला भाग ऐकवला. ती लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, "हे सगळं तुम्ही माझ्यासाठी बोलणार, की आईंसाठी?"

मी म्हणालो, न्यायासाठी. ती हसली. का हसली ते कळले नाही.

वसंताचा शेवटचा महिना, तिसरा दिवस

आई आता आपणहून चेचिकेबद्दल बोलते. अडलेल्या मेंढीला हात लावते तेव्हा मेंढी शांत होते, म्हणे. रात्रीपर्यंत पुरतील इतक्या गोवऱ्या सकाळीच रचून जाते. तिची आई ती लहान असतानाच गेली. "घरात माणसं पुष्कळ होती," आई म्हणाली, "पण केस विंचरायला कुणी नव्हतं." अनाथ मुलगी दिसते.

मी काकाजवळ मन मोकळे केले. म्हटले, काका, राजकन्येत चेचिकेचा दहावा हिस्सा जरी असता, तर आईने तिला कडेवर घेतले असते. काका इतका हसला की त्याला उचकी लागली. भाषणात ही तुलना घालावी का, असे विचारले तर तो जमिनीवर बसला आणि हातानेच म्हणाला, घाल, घाल.

परिणामकारक वाक्य आहे. पण घालणार नाही. राजकन्येचे मन दुखावेल, आणि ते मला सहन होणार नाही.

अकरावा दिवस

भाषणाचे तीन भाग पाठ झाले. पहिल्यात ऋषींची वचने, दुसऱ्यात आमच्या पूर्वजांच्या सुना, तिसऱ्यात थेट सवाल. घोड्यांच्या पागेत म्हणून पाहिले. काका म्हणाला, घोडीचं दूध आटेल, बाहेर जा.

एक भीती मात्र लिहून ठेवतो. भाषण पडले तर? तर आईने राजकन्येपुढे वाकावे असे मी आईला सांगू शकणार नाही, आणि तू जा असे तिला सांगू शकणार नाही. पहिले आधीपासून माहीत होते. दुसरे आज कळले.

उन्हाळ्याचा पहिला महिना, दुसरा दिवस

हासिताई काल आले आणि महालात उतरले. आज दालनात विधी व्हायचा होता. दालन सजले होते, गिओर्चाबाई खोकत खोकत दरबारी पोशाखात उभी होती. मी तयार होतो. तेवढ्यात आईचा निरोप आला, "माझ्याच्यानं चालवत नाही. साहेबांनी माझ्याकडे चहाला यावं."

मला वाटले, संपले. पण हासिताई चपला शोधू लागले. पन्नाशीचा, लठ्ठ, शांत माणूस. म्हणाले, चहाला नाही कसं म्हणायचं.

आईच्या घरात आम्ही शिरलो. मधे चूल, तिच्यावर पातेले, धूर नेहमीपेक्षा जास्त. हासिताईंना मानाच्या जागी बसवले. आई चुलीच्या पलीकडे स्टुलावर बसून होती, हात मांडीवर, चेहरा दगडाचा. मी उभा राहिलो आणि बोललो.

कसा बोललो ते मीच लिहायचे म्हणजे आत्मस्तुती होईल, पण खोटी नम्रता हीही एक प्रकारची लाचारी आहे. मी उत्तम बोललो. म्हणालो, ज्या ऋषींची पुस्तके राजधानीत रेशमात बांधून ठेवतात, त्यांनी सुनेला सासूची सेवा सांगितली आहे, सासूला सुनेची नाही. म्हणालो, सम्राट सगळ्यांचे वडील आहेत हे आम्ही मानतो, म्हणूनच विचारतो, कुठल्या वडिलांना दुसऱ्याची आई जमिनीवर पाहून सुख होते? दुसऱ्या भागात हासिताईंच्या डोळ्यांना धार लागली. ते बाहीने पुसत होते. मी तिसऱ्या भागाकडे वळलो आणि हात वर केला.

दारावरचा नमद्याचा जाड लोकरी पडदा उचलला गेला.

एक बाई वाकून आत आली. माझ्या वडिलांचा जुना मेंढीच्या कातड्याचा कोट, डोक्याला फडके, हातात वितळलेल्या तुपाचे भांडे. मागून गिओर्चाबाई आणि सगळा महाल. त्या बाईला पाहताच काका उठून उभा राहिला. दाराबाहेरचे सैनिक धाडधाड गुडघ्यांवर गेले.

आई म्हणाली, "चेचिके, उंबऱ्याला पाय लागू देऊ नकोस. ये."

तिने फडके मागे सारले. ती माझी बायको होती.

माझा हात तसाच वर होता. काकाने तो खाली ओढला.

आई स्टुलावरून उतरली आणि चुलीपुढे गुडघ्यांवर बसली. गोवऱ्या सारख्या केल्या, फुंकर घातली. चेचिके तिच्या शेजारी, अर्धे पाऊल मागे, गुडघ्यांवर बसली. तिने तूप वाहिले. ज्वाळा पातेल्याच्या वर गेली. तिने तीनदा चुलीपुढे डोके टेकले. आई चुलीशी बोलली, आमच्याशी नाही. "ही माझी सून. वाऱ्यातून तुझ्यासाठी चालत आली. हिला ओळख."

मग दोघी तशाच बसून राहिल्या.

राजकन्या हासिताईंकडे न पाहता म्हणाली, "सासूबाई माझ्यासमोर गुडघ्यांवर आहेत, हे आपण पाहिलंत ना? तसं राजधानीत सांगा. मीही गुडघ्यांवर होते, हे सांगायचं की नाही, ते आपलं आपण ठरवा."

हासिताईंनी नाक शिंकरले. "बाईसाहेब," ते म्हणाले, "मला एका जोडी गुडघ्यांची चौकशी करायला पाठवलंय. ते टेकलेले मी पाहिले. कुठल्या दिशेला, हे मला कुणी विचारलेलं नाही. दुसरी जोडी माझ्या कामात येत नाही." मग आईकडे वळून, "चहा मिळेल ना आता?"

चहा चेचिकेने ओतला. मीठ घालून. पहिला प्याला आईला, मग हासिताईंना, मग काकाला. मला सगळ्यांच्या शेवटी. घरच्या माणसाला देतात तसा.

तिसरा दिवस

विजय. निखळ विजय.

हासिताई सकाळी परतले. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, तुम्ही फार छान बोलता, तिसरा भाग राहिला तो कधीतरी ऐकेन. दुसऱ्या भागातच हा माणूस विरघळला होता, मी पाहिले होते. काका म्हणतो तो धूर होता. आईने मुद्दाम ओल्या गोवऱ्या लावल्या होत्या. काकाचे ऐकायचे नसते.

चेचिकेला विचारले, तू आधीच बोलली होतीस का त्यांच्याशी? ती म्हणाली, परवा आल्याबरोबर थोडंसं बोलणं झालं. घरगुती विचारपूस झाली असणार.

गिओर्चाबाईलाही विचारले की तुला माहीत होते का. ती म्हणाली, "वादळातून पोरीच्या कोटात कोकरू आलं, ते माझ्याच बिछान्यात झोपलं होतं आठवडाभर. खोकला उगीच नाही लागला मला." तक्रार पाठवल्याबद्दल मी तिला खडसावणार होतो. ती म्हणाली, दोन वर्षं तिघं तीन खिडक्यांत बसला होतात. कुणीतरी दार वाजवायलाच हवं होतं.

चेचिके. तिच्या भाषेत छोटा पक्षी. दोन वर्षे ती माझी बायको आहे, आणि तिचे नाव मला आईकडून कळले. आज मी ते तिच्यासमोर म्हणून पाहिले. तिने "हं?" केले, कोटाची बटणे लावता लावता, आणि पुढे निघून गेली, जणू मी रोजच हाक मारतो. मी बराच वेळ तिथेच उभा होतो. मला काही सुचत नव्हते. हे माझ्या बाबतीत घडत नाही.

विसावा दिवस

आज उन्हाळी कुरणाकडे निघालो.

महालाला कुलूप लागले. विटांचे घर उंटावर घालता येत नाही. गिओर्चाबाई नाही नाही म्हणत होती, शेवटी बैलगाडीत चढली आणि गाडीवानाला गाडी कशी हाकायची ते शिकवू लागली.

पहाटे आईने आपली पोवळ्यांची शिरोभूषा चेचिकेला घातली. मी घोड्यावर बसलो होतो. सारा तळ जमला होता, शेजारच्या टेकडीवर ओचिरची माणसे पाहत होती, आणि अशा क्षणी दोन शब्द बोलणे माझे कर्तव्य होते. मी रिकिबीत उभा राहिलो.

"सोद्नोम," आई म्हणाली, "उंट भाषण ऐकून उठत नाहीत."

आमच्याकडे तळ हलतो तेव्हा काफिल्यापुढे घरची बाई असते. पहिल्या उंटाची दोरी तिच्या हातात. माझ्या आजीनंतर ती दोरी आईकडे आली, आणि मला आठवते तेव्हापासून मी तिला त्याच जागी पाहिले आहे; मागून, सरळ पाठ, कधी वळून न पाहणारी. आज तिने दोरी हातात घेतली, उंटाच्या मानेवर एकदा थोपटले आणि ती चेचिकेच्या हातात दिली. चेचिकेने दोरीचा मनगटाला एक वेढा दिला आणि ती ओढली. पहिला उंट कुरकुरत उठला, मग दुसरा, मग मागचे सगळे, घरे पाठीवर घेऊन. सम्राटांची मुलगी गवतात उतरली आणि आमचा मुलूख तिच्या मागून चालू लागला. टेकडीवरचा ओचिर घोड्यावरून उतरला. कायद्याने उतरावेच लागते. पण टोपी काढावी लागत नाही. ती त्याने काढली.

मी मागे राहिलो, धुळीत. माझ्या बाजूला घोड्यावर आई. तिने आपले दोन्ही हात समोर धरून उलटसुलट पाहिले, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत.

"किती हलकं वाटतं रे," ती म्हणाली.

मग तिने घोड्याला टाच मारली. मी हाक मारेपर्यंत ती काफिल्याच्या कडेने, मेंढ्यांना उधळत, सुनेला मागे टाकून, पोरीसारखी पुढे निघून गेली होती. आणि चेचिके, हातात दोरी असल्यामुळे तिला गाठता येत नाही म्हणून, मोठमोठ्याने हसत होती.